वीस चिंचोके

"पल्टवून पाह्यलं का?"

खालाच्या तोंडून हे वाक्य दिवसातून किती वेळा यायचं, त्याची गणतीच नाही. टमाट्याचं पान तर ती पलटवायचीच. पण ताटातली भाकर, लग्नाची पत्रिका, दवाखान्याची चिठ्ठी, जे हातात येईल ते आधी उलटं करून पाहायची. माझ्या भाचीच्या साखरपुड्यात नवरदेवाकडून साडी आली. सगळ्या बाया काठाचं कौतुक करत होत्या आणि खाला साडी उलटवून मागचे धागे बघत बसली. "वरून तं सगळंच चांगलं दिसते," ती म्हणाली. व्याही मंडळींची तोंडं पाहण्यासारखी झाली होती.

तुमच्याही ओळखीत अशी एखादी बाई असेल, जिला पाहिलं की हसूही येतं आणि आपलं काही उलटं निघेल म्हणून धाकही वाटतो. मला खालाचा धाकच जास्त वाटायचा. पण मी मुळातच भित्री. भित्रेपणानं माणूस काय करून बसतं, तेच सांगायला बसले आहे.

खाला म्हणजे मुसलमानांत मावशी, पण सारं गावच तिला खाला म्हणायचं. ती आमच्या गावची कीड मोजणारी. अशी काही नोकरी नसते, तिनं ती स्वतःच काढली होती. अमरावतीहून तासाभरावर आमचं गाव. नाल्याच्या काठानं एका पट्ट्यात वीस-बावीस घरांचे टमाटे, खालाचं वावर टोकाला आणि आमचं बरोबर मध्ये. तिच्या घरी पिढ्यांचा भाजीचा धंदा. शोहर, म्हणजे नवरा, वारल्यावर ती एकटीच वावर सांभाळायची. एका वर्षी अकोल्याला भाजीपाल्याच्या किडीचं शिबिर निघालं. पुरुषांना कपाशीची कामं होती, कोणी जाईना, म्हणून खाला गेली. तीन दिवसांनी परतली ती गळ्यात काळ्या दोऱ्यानं बांधलेलं भिंग घेऊन.

त्या वर्षापासून पट्ट्यात टमाट्याच्या तासांमध्ये, म्हणजे ओळींमध्ये, झेंडूचं एकेक तास आलं. फळ पोखरणारी अळी आहे ना, तिच्या पाखराला झेंडूच्या कळ्या टमाट्याहून आवडतात, ते आधी तिथं अंडी घालतं. दसऱ्याला बाया फुलं तोडायला आल्या की खाला वाटेतच उभी राहायची.

"हे फूल देवाचं नाई, अळीचं आहे."

"अव खाला, देवाले तं देऊ दे!"

"देवाले पाच घे. बाकीचं अळीले राहू दे."

आणि खरंच पाच मोजून द्यायची. कोणाला राग येत नसे. तिच्या मोजण्यावर गावाचा विश्वास होता.

तिचं मोजणंही बघण्यासारखं. दर बुधवारी सकाळी ती पट्ट्यात शिरायची. कमरेला दोन लहान थैल्या, डावीत वीस चिंचोके. नागमोडी चालत वीस झाडं बघायची. शेंड्याची पानं पलटवायची, भिंग लावायची. अळीचं अंडं म्हणजे खसखशीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका. एक अंडं दिसलं की एक चिंचोका डाव्या थैलीतून उजवीत. विसावं झाड व्हायच्या आत डावी थैली रिकामी झाली, तर फवारणी. नाही झाली, तर निंबाखाली जमलेल्या माणसांना ती दोनच शब्द सांगायची, "अजून नाई." मग आठ दिवस पट्ट्यात कोणी पंपाला हात लावायचा नाही.

ते दोन शब्द ऐकायला मी कसा जीव मुठीत धरून उभी राहायची, ते मलाच माहीत.

त्या वर्षांत आमच्या भागातलं मरण रोज पेपरात यायचं. कोणी औषध पिऊन जायचं, कोणी औषध फवारून. आमचे हे फवारून जाता जाता वाचले होते. कपाशीवर फवारत होते, डोक्यावर ऊन, अंगावर घामानं भिजलेला शर्ट. घरी आले ते भिंत धरून. तोंडातून लाळ, हात थरथरत, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. अमरावतीच्या दवाखान्यात सहा दिवस मी त्यांच्या छातीकडे बघत बसले होते, वरखाली होते की नाही म्हणून. सोडताना डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "पुन्हा यांना औषधाच्या वासालाही उभं करू नका. दर वेळी वाचत नसतात."

तो शर्ट मी तीन वेळा धुतला, वास जाईना. जाळायची हिंमत झाली नाही, धूर कोणाच्या नाकात जाईल म्हणून. शेवटी वावरातल्या बुजगावण्याला घातला. तेव्हापासून लांबून बुजगावणं दिसलं की मी आधी ह्यांना हाक मारून बघायची.

तुम्ही म्हणाल, खाला तर निंबोळीचा अर्क फवारायला सांगायची, त्याला काय भ्यायचं? मीही तसंच समजत होते. आदल्या वर्षी चिंचोके संपले तेव्हा आम्ही बायांनी निंबोळ्या कुटल्या, रात्रभर भिजवल्या, गाळून दिल्या. पण पुरुषांचा कडू पाण्यावर भरवसा कुठला! जो तो पंपात गुपचूप झाकणभर औषध टाकून मोकळा. आमच्या ह्यांनीही टाकलं. दुपारी घामानं निथळत घरी आले, ओकारी करून पडले. "सगळ्यायनं टाकलं, मंग म्याही टाकलं," म्हणाले, जणू गावजेवणाला जाऊन आले. त्या दिवसापासून माझ्यासाठी निंबोळी काय आणि जहर काय, फवारणी म्हणजे फवारणी. पंप पाठीवर चढायलाच नको.

आणि तो चढत नव्हता, तो खालाच्या दोन शब्दांमुळे.

एका बुधवारी मी आमच्या वावरात काड्यांना झाडं बांधत होते. खाला आली आणि एकदम ओरडली, "काहून रे बापा, ओल्या झाडात काहून उभा आहेस? बुरशी पसरते ना सगळीकडं!" मी वळून पाहिलं. समोर बुजगावणं. खाला उत्तराची वाट बघत थांबली, मग आणखी चिडली. "बोलत काहून नाई? हट तिथून!"

मला हसू फुटलं, पण ती थट्टा करत नव्हती. मी अळी असलेलं एक पान तोडलं, करंगळीएवढी हिरवी अळी, आणि तिच्या हातात दिलं. "खाला, हे बघ जरा." तिनं पलटवलं, भिंग लावलं, नीट पाहिलं.

"साफ आहे."

मी अळी उचलून तिच्या तळहातावर ठेवली. ती वळवळली तसा खालाचा चेहरा उतरला. मग ती बांधावर बसली आणि माझा पदर धरून मला जवळ बसवलं.

"कोनाले सांगू नको, पोरी."

"मोतीबिंदू आहे खाला. अमरावतीले काढतेत."

"डोळ्यात सुरी घालतेत म्हने. मी मरीन, पन जानार नाई. मले लय भेव लागते." दोन साप मारलेली बाई हे बोलत होती. "आन सांगतलं तं लोक मोजनंच सोडतीन. मंग दर आठ दिवसाले पंप. तुले पाह्यजे का?"

मला नको होतं. तिला हे पक्कं ठाऊक होतं.

तेव्हापासून मी तिचे डोळे झाले. लोकांना सांगितलं, खालाकडून शिकते आहे. ती माझं डावं मनगट धरून चालायची, मी उजव्या हातानं पान पलटवायची. "आहे," म्हटलं की चिंचोका पडायचा. "नाई," म्हटलं की पुढचं झाड. दोघी मिळून आम्ही वीस-बावीस घरांना फसवत होतो, पण आकडा मात्र खरा सांगत होतो. माझ्या मनाला तेवढाच आधार होता.

दिवाळी झाली. थंडी पडली. झाडं फळांनी वाकली होती, कॅरेट भरून अमरावतीला माल सुरू झाला होता. त्या बुधवारी तेरा झाडांत एकोणीस चिंचोके पडले. खालाची डावी थैली चाचपून मी पाहिली, आत एकच.

चौदाव्या झाडाचं पान पलटवलं. तीन अंडी. शेजारी शेजारी, पांढरी.

बांधावर आमचे हे कॅरेट रचत कोणाशी तरी हसत होते. त्यांच्या मागे बुजगावणं होतं, त्यांचाच शर्ट घालून.

"नाई," मी म्हणाले.

"पुन्हा पाह्य."

"नाई, खाला."

पंधराव्यावर होतं, सतराव्यावर होतं. मी नाई, नाई म्हणत गेले. खालानं माझं मनगट जरा घट्ट धरलं. निंबाखाली जाऊन तिनं सांगितलं, "अजून नाई. एक चिंचोका बाकी आहे." माणसं पांगली. मी घरी येऊन देवापुढे दिवा लावला. बाई गं, थंडीनं अंडी मरतील, मुंगळे खातील, झेंडू ओढून घेईल, असं काय काय मी स्वतःला सांगितलं. नवरा जेवत होता आणि मला वाटत होतं, आपण त्याला वाचवलं.

पुढच्या बुधवारी आम्ही पहिल्याच झाडाशी थांबलो. खालानं एक फळ हातात घेतलं, चाचपलं. तिचं बोट देठाजवळ अडकलं. भोक होतं, ओलं. तिनं बोट नाकाशी नेलं. मग दुसरं फळ. मग तिसरं. डोळे नसलेली बाई माझ्याहून भरभर शोधत होती.

"अंडी असतानी निंबोळी पुरली असती," ती हळूच म्हणाली. "आता अळी फळाच्या आत बसली. तिले आता कायचं औषध पोचते?"

तिनं माझं मनगट धरलं नव्हतं, हे मला चालायला लागल्यावर कळलं.

निंबाखाली सगळे जमले. प्रत्येकाच्या हातात पोखरलेलं फळ. आवाज चढले. "खालाच्या भरोशावर बसलो आन पीक गेलं!" "आठ दिवस आधी कोनाले दिसलं नाई काय?" मी उठले. देवाची शपथ, सांगायला म्हणूनच उठले. पण खाला माझ्या आधी बोलली.

"माहे डोळे गेले. साल झालं असन. म्या लपवलं." तिनं माझ्या बाजूला हात केला. "ही पोरगी मले सांगत होती, आहे, आहे. म्याच आयकलं नाई. म्हटलं, हिले काय समजते. गलती माही आहे."

कोणीतरी म्हणालं, "हिचं तरी आयकाचं होतं ना, खाला!" आणि सगळे माझ्याकडे बघू लागले. मी खाली बसले. आज इतक्या वर्षांनीही ते बसणं आठवलं की अंगावर काटा येतो. उभी राहून खरं सांगायला मला एकच क्षण लागला असता.

ठरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्ण पट्ट्यात सगळ्यात कडक औषध. घरी आमचे हे पंपाचा दांडा वरखाली करून बघत होते. तो किर्र-किर्र आवाज ऐकत मी चुलीपुढे बसले होते. सकाळी त्यांनी तोंडाला दुपट्टा गुंडाळला. मी दारात आडवी झाले.

"डॉक्टर काय म्हणाले होते? विसरले तुमी?"

"सगळ्यायच्या पाठीवर पंप, आन मी बायकोच्या पदराखाली बसू? सरक."

मी पाय धरले, रडले, शिव्याही दिल्या. पुरुषाचा हट्ट तुम्हाला माहीत आहे. तेवढ्यात भिंत चाचपत खाला आली. हातात कापडी पिशवी.

"बेटा, मले अमरावतीले ने. डोळ्याच्या दवाखान्यात."

"नेतो ना खाला, दोन दिवसानं. आज फवारनी आहे."

"आजच ने. उद्या माही हिंमत राह्यची नाई. एकटी मी जाऊ शकत नाई, बेटा. भेव लागून राहिलं मले."

ती नाटक करत नव्हती. तिचे ओठ पांढरे पडले होते. जिला सुरीच्या नावानं झोप येत नसे, ती स्वतःहून सुरीकडे निघाली होती, माझ्या नवऱ्याला वावरातून बाहेर काढायला. हे त्यांना कळलं नाही. मला कळलं. त्यांनी पंप खाली ठेवला. "चल मंग," म्हणाले. म्हातारीला दवाखान्यात नेणारा माणूस फवारणी सोडून गेला, असं गावात कोण म्हणणार होतं?

मोटरसायकलवर मागे बसताना तिनं माझा हात घेतला, पलटवला आणि तळव्यावर बोट फिरवलं.

"त्या दिवशी तुहा हात थंड पडला होता," ती माझ्यापुरती बोलली. "मले वाटलं, दहिवरानं भिजला."

ते गेले आणि पट्ट्यात पंप सुरू झाले. वारा आमच्या घराकडं वाहत होता. मी दारंखिडक्या लावून नाकाशी ओला पदर धरून बसले. दोन दिवस त्यांना मी अमरावतीतच, राजापेठेत माझ्या बहिणीकडे थांबायला लावलं. आमच्या वावरात फवारलंच नाही. मी आणि तीन बायांनी पोखरलेली फळं बादल्या भरभरून वेचली आणि खड्ड्यात पुरली. अर्धा माल हाती आला. बाकीच्यांनी फळातली अळी मरेना म्हणून पुन्हा फवारलं, पुन्हा फवारलं. तिसऱ्या खेपेला दोन माणसं वावरातच पडली. दोघांना अमरावतीला नेलं. वाचली, पण एकाचा हात अजून कापतो. त्याची बायको भेटली की मला हसून विचारते, "काय म्हनतं बाई, बरं आहे ना?" मी मान हलवते आणि वाट बदलते.

खालाच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. आठ दिवस ती राजापेठेत माझ्या बहिणीकडे डोळ्याला पट्टी लावून होती आणि तिच्या पोळ्या पलटवून नावं ठेवत होती. मग अकोल्याला दिलेली तिची मुलगी आली आणि तिला घेऊन गेली. जाताना खालानं दोन्ही थैल्या माझ्यासाठी ठेवल्या. ती गावात परत आली नाही.

मी एकदा अकोल्याला गेले. ती ओट्यावर बसली होती, एका डोळ्यानं मला ओळखून हसली.

"खाला, चाल घरी. मी सगळ्यायले खरं सांगते."

"मंग तुह्यावर कोन भरोसा ठेवन? मोजन कोन?" ती म्हणाली. "माहा एक डोळा झाला, त्याले दूरचंच दिसते. अंडं दिसत नाई. तुले दिसते. मी आहे तोवर नको सांगू."

"आन तुह्यावर आळ राहू देऊ?"

"राहू दे. तू फक्त आहे थे आहे म्हनत जाय."

पुढच्या पावसाळ्यात ती गेली. ताप आला होता म्हणे, तीन दिवसांत. निरोप पोचेपर्यंत माती झालेली होती.

त्यानंतरच्या बुधवारी निंबाखाली सगळे होते. मी सांगितलं. पहिल्यापासून सांगितलं. बुजगावण्यापासून, चौदाव्या झाडावरच्या तीन अंड्यांपर्यंत. मी आहे म्हटलं नव्हतं, मी नाई म्हटलं होतं. सांगून झाल्यावर मी मान खाली घालून उभी राहिले, आता दगड पडले तरी चालतील म्हणून.

मग ज्याचा हात कापतो, तोच उठला. त्याच हातानं त्यानं डोळे पुसले.

"किती जीव होता बाई तुहा खालावर," तो म्हणाला. "गेलेल्या मानसाची चूक आपल्या अंगावर घेतं. अशी मानसं राह्यली कुठं?"

"मी खोटं नाई बोलून राहिली!"

"समजते आमाले," कोणीतरी मागून म्हणालं. "जाऊ दे. झालं थे झालं. सांग, आज किती चिंचोके पडले?"

मी किती वेळा सांगितलं म्हणता! घरी ह्यांनाही सांगितलं. तेही म्हणाले, "खालानं स्वतः कबूल केलं होतं ना?" आता गावात माझं नाव चांगलं आहे. शेजारच्या गावातून मोजायला बोलावतात. तिथंही मला धाकधूक सुटत नाही, निंबोळीत कोण काय मिसळेल, कोणाचा नवरा भिंत धरून घरी येईल. पंपात अर्क ओतताना मी स्वतः उभी राहते आणि झाकणाचा वास घेते.

आणि दर बुधवारी पट्ट्यात जाते. तेरा झाडं नीट होतात. चौदावं आलं की हात थंड पडतो. पान पलटवते, आणि दिसलं की कोणी ऐकायला नसताना मोठ्यानं म्हणते, "आहे." डावं मनगट तेव्हा मी जरा मागे धरलेलं असतं.